डेटाबेस प्रणालींचे मुक्त परवाने : सही करण्यापूर्वी

खेड तालुक्यातील निघोजे हे गाव आज महाराष्ट्राच्या औद्योगिक नकाशावर ठळकपणे दिसते. चाकण औद्योगिक क्षेत्राचा विस्तार होत गेला तसतसे या गावाच्या आणि लगतच्या म्हाळुंगे, खराबवाडी या गावांच्या शिवारात मोटारनिर्मितीचे मोठे प्रकल्प उभे राहिले. फोक्सवॅगनच्या प्रकल्पाचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये झाले. महिंद्रचा वाहन प्रकल्पही निघोजे येथेच आहे. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सुटे भाग पुरविणारे कितीतरी लहान उद्योग चाकणपासून भोसरीपर्यंत पसरले आहेत.

आजच्या मोटारीत पोलाद, काच आणि रबर यांच्या जोडीने आणखी एक माल भरलेला असतो, तो म्हणजे संगणकीय आज्ञावली. चालकासमोरील पडद्यावर दूरध्वनी क्रमांक दिसतात, गाण्यांची यादी दिसते. ही माहिती कोठेतरी शिस्तीने साठवून ठेवावी लागते आणि ती साठवून मागताक्षणी शोधून देणारी जी यंत्रणा, तिला डेटाबेस प्रणाली म्हणतात. पुरवठादाराच्या कारखान्यातील मालसाठ्याची आणि गुणवत्ता-तपासणीची नोंद याच प्रकारच्या प्रणालीत असते. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही, संगणकावर गेली की तीही अशाच प्रणालीत जाते. शाळेच्या ग्रंथालयाची दाखलनोंद यापेक्षा वेगळी नाही.

या प्रणालींपैकी फार मोठा भाग आज मुक्त स्रोत स्वरूपाचा आहे. तिची मूळ संहिता, म्हणजे कार्यक्रमकाराने लिहिलेला वाचता येण्याजोगा मजकूर, सर्वांना उपलब्ध असतो. डेटाबेस कोणता घ्यावयाचा हे आज्ञावली तयार करणारा तरुण अभियंता ठरवितो. करारनाम्यावर सही मात्र कारखान्याच्या व्यवस्थापकाची, ग्रामसेवकाची किंवा मुख्याध्यापकांची असते. सही करणाऱ्यास परवान्याचा अर्थ ठाऊक नसेल, तर पुढे पुरवठादार बदलण्याची वेळ येते तेव्हा स्वतःच्याच नोंदी सोडवून घेण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागते. यास्तव हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

परवाना कशासाठी?

आपल्याकडील प्रताधिकार अधिनियम, म्हणजे कॉपीराइटचा कायदा, १९५७ चा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश त्यात साहित्यकृती म्हणून करण्यात आला. कादंबरी जशी लेखकाची, तशी आज्ञावली तिच्या कर्त्याची. कर्त्याने परवानगी दिली नसेल तर तिची प्रत काढणे, तीत बदल करणे किंवा ती दुसऱ्यास देणे हा हक्कभंग होय. बेकायदेशीर प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणे हा कलम ६३ख अन्वये अपराध असून त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालयास शिक्षा सौम्य करता येते.

परवाना म्हणजे कर्त्याने दिलेली ही परवानगी, आणि तिच्यासोबत घातलेल्या अटी. इंटरनेटवर एखादी संहिता उघडी पडलेली दिसली म्हणून ती घेण्याची मुभा मिळत नाही. सोबत परवाना नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती बंदच समजावी. उत्साही विद्यार्थ्यांकडून ही चूक वारंवार होते.

इंग्रजीत या चळवळीला ‘फ्री’ हा शब्द लागला आणि त्यातून पुष्कळ गोंधळ झाला, कारण त्या भाषेत मुक्त आणि फुकट या दोहोंना तोच शब्द आहे. आपली भाषा या बाबतीत सुदैवी म्हटली पाहिजे. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन शब्द पूर्वीपासून वेगवेगळे आहेत. मुक्त आज्ञावली विकत देता येते, आणि मोफत मिळालेली आज्ञावली पूर्णपणे बंद असू शकते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्यांचा आग्रह चार गोष्टींसाठी होता : आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालविता यावी, ती कशी चालते हे अभ्यासून बदलता यावी, तिची प्रत दुसऱ्यास देता यावी आणि सुधारलेली प्रतही वाटता यावी. पैशाचा प्रश्न त्यात नव्हता. पुढे १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली आणि तिने ‘मुक्त स्रोत’ कशास म्हणावे याचे निकष ठरविले. त्यांतील एक निकष असा की, परवान्याने कोणत्याही व्यक्तीस किंवा कोणत्याही व्यवसायक्षेत्रास वगळता कामा नये. हा निकष ध्यानात ठेवावा, कारण अलीकडचे बहुतेक वाद त्यावरूनच झाले आहेत.

सैल परवाने आणि बांधील परवाने

डेटाबेस प्रणालींचे परवाने स्थूलमानाने दोन घराण्यांचे आहेत. पहिले घराणे सैल अटींचे. पोस्टग्रेस-एसक्यूएल ही प्रणाली त्याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रा. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि १९९६ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिचा परवाना अवघ्या काही परिच्छेदांचा आहे. वापरा, बदला, वाटा, विका. मात्र प्रताधिकाराची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत ठेवा, आणि नुकसान झाल्यास आम्हास जबाबदार धरू नका, एवढेच तो सांगतो. ही प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरचे विकासक मिळून ती सांभाळतात. पोस्टग्रेसच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे मोठे केंद्र पुण्यात आहे, म्हणजे निघोज्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर या प्रणालीची जाण असलेली माणसे बसलेली आहेत. परवाना निवडताना जवळ तज्ज्ञ मिळतात की नाही हेही पाहिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसरे घराणे बांधील अटींचे. यात जीपीएल हा परवाना मुख्य. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आणि तिसरी २००७ ची. त्याचा आशय असा की, तुम्ही ही आज्ञावली किंवा तिच्यावर आधारलेली आज्ञावली दुसऱ्याच्या हाती दिली, तर त्यालाही तेच हक्क मिळाले पाहिजेत; म्हणजे मूळ संहिता त्याला द्यावी लागेल, किंवा ती देण्याची निदान तीन वर्षे टिकणारी लेखी हमी द्यावी लागेल. स्वीडनमध्ये १९९५ मध्ये जन्मलेली माय-एसक्यूएल ही प्रणाली याच परवान्याखाली मिळते. तिचे मालक शुल्क घेऊन वेगळा व्यापारी परवानाही देतात. ज्या उत्पादकाला आपली संहिता उघड करावयाची नाही, त्याने तो विकत घ्यावा अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. माय-एसक्यूएल वापरले की आपली सारी आज्ञावली जगासमोर मांडावी लागते, अशी भीती अनेक लहान उद्योजकांना वाटते. वस्तुतः जीपीएलची बांधिलकी वापराने उद्भवत नाही, ती वाटपाने उद्भवते. एखाद्या पुरवठादाराने ही प्रणाली आपल्याच कारखान्यात मालसाठ्यासाठी वापरली, तीत हवे तसे फेरबदलही केले, तरी ती बाहेर कोणास दिली नाही तोवर संहिता उघड करण्याचा प्रश्न येत नाही. समजा, भोसरीतील एका आज्ञावली व्यावसायिकाने गुणवत्ता-नोंदीची आज्ञावली तयार केली, तीत जीपीएलखालील जोडणी-भाग गुंफून टाकला आणि ती वीस कारखान्यांना विकली. आता मात्र प्रश्न येतो. दोन्ही आज्ञावली वेगळ्या राहून केवळ परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करीत असतील तर त्या स्वतंत्र मानल्या जाण्याकडे कल आहे. एकीचा भाग दुसरीत मिसळलेला असेल तर ती संयुक्त कृती ठरण्याचा संभव असतो. या सीमेवर जाणकारांत मतभेद आहेत. म्हणूनच मारिया-डीबीसारख्या प्रणालींनी आपले जोडणी-भाग अधिक सौम्य अशा एलजीपीएल परवान्याखाली ठेवले आहेत, आणि व्यावसायिकाने तेच घेणे शहाणपणाचे असते.

हा प्रश्न न्यायालयातही गेलेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील न्यायालयात माय-एसक्यूएलच्या मालक कंपनीचा आणि प्रोग्रेस सॉफ्टवेअर या कंपनीचा वाद २००१ मध्ये उभा राहिला. प्रोग्रेसच्या उपकंपनीने माय-एसक्यूएलला स्वतःचा साठवण-भाग जोडून ते विकले होते आणि त्याची संहिता प्रारंभी दिली नव्हती. न्यायालयाने नाममुद्रेच्या वापरास तात्पुरती मनाई केली. संहिता तोवर उघड झालेली असल्याने जीपीएलबाबत मनाईची गरज त्यास वाटली नाही, आणि पुढे तडजोड झाली. मुक्त परवान्याच्या अटी मोडल्यास तो प्रताधिकाराचा भंग ठरू शकतो, हे अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. तो वाद खेळण्यातील आगगाड्या चालविणाऱ्या आज्ञावलीविषयी होता. वस्तू लहान, पण तत्त्व मोठे.

मोटारउद्योगाला यातील आणखी एक बाब लागू पडते. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार, ग्राहकोपयोगी वस्तूत ती आज्ञावली बसविली असेल तर बदललेली आज्ञावली त्या वस्तूत पुन्हा बसविण्यासाठी लागणारी माहितीही ग्राहकास द्यावी लागते. सुरक्षिततेच्या कारणास्तव मोटार उत्पादक यास कचरतात आणि तिसऱ्या आवृत्तीचे भाग शक्यतो टाळतात. त्यांना सुटे भाग व त्यांतील आज्ञावली पुरविणाऱ्यांकडे घटकांची व परवान्यांची यादी मागितली जाते, ती याच कारणाने.

या दोन घराण्यांपलीकडे एक प्रणाली आहे, ती एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये ती तयार केली, त्या वेळी ते अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी काम करीत होते. भ्रमणध्वनीत आणि मोटारींच्या मल्टिमीडिया यंत्रणांत तिचा वापर सर्रास होतो. तिच्यावरील सारे हक्क कर्त्यांनी सोडून दिले आहेत, म्हणून परवान्याचीच गरज नाही. तरीही कायदेपंडितांचे समाधान होत नाही! अनेक कंपन्यांना कागद हवा असतो, म्हणून ‘ही आज्ञावली खरोखरच सर्वांची आहे’ असे प्रमाणपत्र कर्त्यांची कंपनी शुल्क घेऊन विकते. योगदान देणाऱ्यांनी हक्क सोडल्याची प्रतिज्ञापत्रे तिने अग्निरोधक तिजोरीत ठेवली आहेत. आपल्या अधिनियमातही, कलम २१ अन्वये, कर्त्यास आपले हक्क सोडता येतात.

परवाना बदलतो तेव्हा

परवाना एकदा वाचला म्हणजे काम संपले असे नाही. प्रणालीचा मालक बदलतो, धोरण बदलते. माय-एसक्यूएलची कंपनी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने सुमारे एक अब्ज डॉलरना घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी भविष्याची चिंता वाटून २००९ मध्येच त्याच संहितेतून मारिया-डीबी ही शाखा काढली. थोरल्या मुलीचे नाव माय, धाकटीचे मारिया. दोन्ही प्रणालींची नावे त्यांवरून पडली. जीपीएल होता म्हणूनच ही शाखा काढता आली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

नंतरच्या काळात वादाचे कारण वेगळे झाले. मोठ्या मेघसेवा कंपन्या मुक्त डेटाबेस भाड्याने देऊन उत्पन्न मिळवितात आणि कर्त्या कंपनीला त्यातले काही मिळत नाही, अशी तक्रार होऊ लागली. जीपीएल येथे अपुरा पडतो, कारण सेवा देणे म्हणजे वाटप नव्हे. एजीपीएल या २००७ च्या परवान्याने ती फट काही अंशी बुजविली : बदललेली आज्ञावली जाळ्यावरून वापरणाऱ्यांनाही तिची संहिता मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. मोंगो-डीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये याहून पुढे जाऊन एसएसपीएल नावाचा परवाना लावला. त्यानुसार ही प्रणाली सेवा म्हणून देणाऱ्याने ती सेवा चालविण्याची सारी सामग्री, देखरेखीच्या आणि प्रतिलिपी राखण्याच्या आज्ञावलींसह, उघड करावी लागते. एका व्यवसायक्षेत्राला रोखणारा हा परवाना मुक्त स्रोत नव्हे, असे ओपन सोर्स इनिशिएटिव्हने म्हटले.

रेडिसची कथा तर फारच बोलकी आहे. २००९ पासून सैल परवान्याखाली असलेल्या या प्रणालीचा परवाना मार्च २०२४ मध्ये आवळण्यात आला. आठवडाभरातच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जुन्या संहितेतून व्हॅल्की ही शाखा निघाली. मे २०२५ मध्ये रेडिसने आठव्या आवृत्तीला एजीपीएलचा पर्याय दिला. म्हणजे चौदा महिन्यांत दोनदा परवाना बदलला. एखाद्या कार्यालयाच्या पाच वर्षांच्या निविदेत नुसते ‘रेडिस’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोणत्या आवृत्तीची आणि कोणत्या अटींवर, हे कोणी सांगावे? बदल मात्र पुढील आवृत्त्यांनाच लागू होतो. मुक्त परवान्याखाली एकदा मिळालेली आवृत्ती त्याच अटींवर वापरता येते, पण कालांतराने तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबतात.

करारनाम्यात काय असावे

केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. शासकीय कार्यालयांनी निविदा मागविताना मुक्त स्रोत पर्यायाचा विचार करण्याची अट घालावी आणि तो वगळल्यास पुरवठादाराने कारण द्यावे, असे त्यात सांगितले आहे. धोरण चांगले आहे, पण त्याची फलश्रुती करारनाम्याच्या शब्दांवर अवलंबून राहते.

आज्ञावली पैसे मोजून करून घेतली म्हणजे ती आपली झाली, हा समज सर्वाधिक महागात पडतो. कलम १७ अन्वये पगारी नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा हक्क मालकाचा असतो. बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या आज्ञावलीचा हक्क, लेखी हस्तांतर नसेल तर, सामान्यतः कंत्राटदाराकडेच राहतो. शासनाच्या आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या निर्देशाखाली झालेल्या कृतींबाबत त्याच कलमात अनुकूल तरतुदी आहेत आणि ग्रामपंचायतीला त्यांचा आधार घेता येईल. पण न्यायालयात अर्थ लावीत बसण्यापेक्षा करारात एक वाक्य घालणे स्वस्त. कारखानदाराला तर ते वाक्य घालण्यावाचून गत्यंतर नाही. हे वाक्य अपुरे असले तरी घोटाळा होतो. कलम १९ प्रमाणे हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते समजले जाते. पाच वर्षांनी आपली आज्ञावली पुन्हा कंत्राटदाराची होते, हे अनेकांना कंत्राटदाराच्या पत्रावरूनच कळावे, ही खेदाची गोष्ट होय.

याच्या उलट टोकाची चूक निविदांत आढळते : ‘पुरविलेल्या सर्व आज्ञावलींचे संपूर्ण हक्क कार्यालयास द्यावेत.’ पुरवठादार पोस्टग्रेसचे किंवा माय-एसक्यूएलचे हक्क देऊ शकत नाही, कारण ते त्याचे नाहीतच. अशी अट प्रामाणिक पुरवठादारास अडविते आणि अप्रामाणिक पुरवठादार तिच्यावर डोळे मिटून सही करतो. नव्याने लिहिलेला भाग आणि मुक्त परवान्याखालचा भाग असे दोन तक्ते करारास जोडावेत. पहिल्याचे हक्क मुदत व क्षेत्र लिहून हस्तांतरित करून घ्यावेत. दुसऱ्यात प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती आणि परवाना नमूद असावा. त्यात जीपीएलखालील घटक असेल तर तो कार्यालयाच्या हाती देणे हे वाटप ठरते, आणि त्या घटकाची संहिता मागण्याचा हक्क कार्यालयाला परवान्यानेच मिळालेला असतो. हा हक्क फारच थोडे लोक बजावतात.

डेटाबेसच्या प्रशासकाचा परवलीचा शब्द कार्यालयाकडे मोहोरबंद पाकिटात असावा. सर्व नोंदी साध्या, कोणत्याही प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात ठरावीक काळाने मिळाव्यात, आणि कोणत्या रकान्यात काय आहे याचे मराठीत टिपण सोबत असावे. हे टिपण नसेल, तर प्रणाली कितीही मुक्त असली तरी नमुना ८ मधील ‘क३’ या रकान्यात घरपट्टी आहे की दिवाबत्ती कर, हे शोधण्यात नव्या माणसाचे आठवडे जातात.

प्रणाली वेगळी, नोंदी वेगळ्या

डेटाबेस प्रणालीचा परवाना तीत साठविलेल्या नोंदींना लागत नाही. पोस्टग्रेसमध्ये ठेवली म्हणून ग्रामपंचायतीची नोंदवही मुक्त होत नाही, आणि व्यापारी प्रणालीत ठेवली म्हणून ती त्या कंपनीची होत नाही. नोंदींच्या संकलनाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. आपल्या अधिनियमात साहित्यकृतीच्या व्याख्येतच तक्ते आणि संगणकीय डेटाबेस यांचा उल्लेख आहे. मात्र केवळ श्रम घेतले म्हणून संकलनावर हक्क मिळत नाही, त्यात थोडी तरी निवड किंवा मांडणीची कल्पकता हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात २००७ च्या डिसेंबरात ठरविले.

शासकीय माहिती लोकांना वापरता यावी यासाठी केंद्राने २०१२ मध्ये विदा-सहभागाचे धोरण आणि २०१७ मध्ये शासकीय मुक्त विदा परवाना जाहीर केला. त्याखाली प्रसिद्ध झालेली माहिती, स्रोताचा उल्लेख करून, व्यापारी कामासाठीही वापरता येते. वैयक्तिक माहितीला तो लागू नाही.

शिक्षकांच्या उपयोगाचे उदाहरण ओपन-स्ट्रीट-मॅपचे आहे. स्वयंसेवकांनी तयार केलेला हा जगाचा नकाशा सप्टेंबर २०१२ पासून ओडीबीएल या डेटाबेससाठीच लिहिलेल्या परवान्याखाली आहे. शाळेने त्यावरून निघोजे परिसराचा नकाशा छापून भिंतीवर लावला तर स्रोताचा उल्लेख पुरतो. विद्यार्थ्यांनी त्यातील नोंदी घेऊन त्यांत विहिरी, वाड्या, कारखान्यांची प्रवेशद्वारे यांची भर घातली आणि तो वाढविलेला संच प्रसिद्ध केला, तर तो संचही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. ग्रामपंचायतीने याच नकाशावर करवसुलीची माहिती आपल्या कार्यालयापुरती पाहिली तर ही अट लागू होत नाही, कारण ती सार्वजनिक वापरावरच येते. तरीही मालमत्ताधारकांची नावे व थकबाकी नकाशाच्या संचात न मिसळता वेगळ्या तक्त्यात ठेवावीत आणि नकाशाशी केवळ मालमत्ता क्रमांकाने जोडावीत. म्हणजे उद्या नकाशा लोकांसाठी खुला करावयाचा झाला, तर तो तक्ता बाजूला ठेवून उरलेले जसेच्या तसे देता येते.